सायकल ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ का? पुण्यातल्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातील शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षक-पालक संघांचे सभासद

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे शाळेच्या सायकल स्टँडवर हमखास एक पाटी दिसते. ‘सायकली स्वतःच्या जबाबदारीवर लावाव्यात. चोरी वा नुकसान झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ पुण्यात पाट्यांना तोटा नाही, तेव्हा आणखी एका पाटीवर रागावण्यात अर्थ नाही. पण पुष्कळ शाळांनी सायकलबद्दल मुलांना आजवर सांगितलेलं एवढंच आहे, आणि त्याबद्दल मला लिहायचंय.

माझं पेठेत सायकलचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. हा गृहस्थ स्वतःचा माल खपवायला पत्र लिहितोय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. खरं म्हणजे सायकली खपतात. वार्षिक परीक्षा संपली की आई-वडील मुलांना घेऊन येतात, जाड टायरची, दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल पसंत होते, आणि ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर फिरते. मग जिन्याखाली जाते. पुढे कधीतरी ‘एक्स्चेंजमध्ये काय मिळेल?’ म्हणून माझ्याकडे येते, तेव्हा टायर उभे चिरलेले असतात आणि चेनवर गंज असतो, झीज मात्र नसते. मुलाला सायकल येते, घरात सायकल आहे, शाळा तीन किलोमीटरवर आहे, तरी मूल शाळेत जातं व्हॅननं किंवा बाबांच्या मागे बसून. तीन किलोमीटर म्हणजे सायकलवर रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. व्हॅनवाल्या काकांची सगळी मुलं गोळा होईपर्यंत याहून जास्त वेळ जातो.

‘सायकलींचं शहर’ वगैरे आठवणी मी काढत बसणार नाही. त्यासाठी रविवारच्या पुरवण्या आहेत. महापालिकेबद्दलही थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकलमार्गांचं जाळं त्यात आखलेलं होतं. त्याच महिन्यात भाड्याच्या रंगीबेरंगी सायकलीही रस्त्यावर आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखड्यातलं किती उतरलं ते आपण रोज बघतोच. जे ट्रॅक झाले त्यांवर स्कूटर उभ्या असतात आणि मध्येच विजेची डीपी पेटी येते. तो लढा ज्यांना लढायचा त्यांनी लढावा. माझं म्हणणं इतकंच की ट्रॅक होईपर्यंत शाळांनी हात बांधून बसायचं कारण नाही. शाळेच्या फाटकाजवळचा दोनशे मीटरचा तुकडा, शाळा सुटण्याची वेळ, दप्तर, गणवेश आणि स्टँड या गोष्टी महापालिकेच्या नाहीत, तुमच्या आहेत. निदान त्यांवर तुमचा शब्द चालतो.

आधी फाटकाचं बोलतो. दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला दोन अधिवेशनं असलेल्या कुठल्याही शाळेबाहेर उभं राहून बघा. सकाळची मुलं सुटतायत, दुपारची येतायत. रिक्षा आणि व्हॅन दोन रांगांत, त्यांच्या पलीकडे एसयूव्ही, ड्रायव्हरचं दार रस्त्याच्या बाजूला उघडं. स्कूटरवरच्या आया फाटकाच्या अगदी तोंडाशी, कारण ‘दोनच मिनिटं’. या गर्दीतून सहावीतलं मूल सायकल हातात धरून, एका बाजूला दप्तर सांभाळत बाहेर पडतं, पेडलवर पाय ठेवतं, आणि समोरून उलट्या दिशेनं एक स्कूटर येते. ती चालवणारी व्यक्तीही पालकच असते. आपल्या मुलाला ट्रॅफिकपासून वाचवायला ती गाडी घेऊन आलेली असते आणि तोच ट्रॅफिक दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर येतो. हे ऐकायला कडू आहे. पण शाळेजवळचा सगळ्यात धोक्याचा भाग पुष्कळदा शाळेचं फाटकच असतं, आणि तो धोका बाहेरून आलेला नसतो, आपल्याच पालकांनी आणलेला असतो.

हे बदलायला पैसे लागत नाहीत. चालत आणि सायकलनं जाणारी मुलं आधी सोडा, गाड्यांनी जाणारी दहा मिनिटांनी. गाड्यांनी फाटकापासून दोन-तीनशे मीटर अलीकडे थांबायचं. तिथून मूल चालत येईल, त्यानं काही बिघडत नाही. एवढा एक नियम पाळला गेला, तर महिनाभरात कुणालाही न सांगता काही मुलं सायकलवर येऊ लागतील, असं मी पैजेवर सांगतो.

रस्ता कसा बंद करणार, असं विचाराल. लंडनमध्ये शेकडो शाळांसमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरता गाड्यांना बंद असतो. पण लंडन कशाला? २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून आपल्या लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा गाड्यांना बंद करतात, आणि त्या दिवशी दुकानदारांवर काही आभाळ कोसळत नाही. लक्ष्मी रस्ता बंद राहू शकतो, तर शाळेची गल्ली दिवसातून दोनदा अर्धा तास का नाही? त्याला वाहतूक पोलिसांची परवानगी लागेल, आणि ते पोलीस तुमच्याच टेबलाशी बसलेले आहेत, निदान कागदावर. शाळा बससाठीच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सोबत पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ, स्थानिक संस्था यांचे प्रतिनिधी. म्हणजे आपल्याला जी माणसं हवीत ती सगळी. या समितीत बसचं भाडं, व्हॅनमध्ये कोंबलेली मुलं, महिला मदतनीस हे विषय होतात आणि व्हायलाच हवेत. सायकलचा विषय मात्र कुणी काढत नाही. नियम बसचे आहेत हे खरं. पण समितीनं सायकलवर बोलू नये असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

आता स्टँड. हा माझा प्रांत, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. बऱ्याच जुन्या शाळांत सिमेंटच्या खाचा असलेला स्टँड आहे. तो काळ्या, बारीक टायरच्या सायकलींसाठी बांधलेला. आजच्या सायकलीचं जाड टायर त्यात जात नाही. बळंच घातलं तर डिस्क वाकते आणि मग ‘ब्रेक घासतोय’ म्हणून ती माझ्याकडे येते. त्यातून अनेक नव्या सायकलींना स्वतःचा स्टँडच नसतो, म्हणून मुलं त्या एकमेकींवर रेलून ठेवतात, आणि एक काढताना दहा पडतात. आणखी एक बघितलंय: छप्पर असलेली, चांगली फरशी घातलेली जागा शिक्षकांच्या स्कूटरना आणि सायकली कंपाउंडच्या कडेला उन्हात. ऊन टायर-ट्यूब खातं. लोखंडी पाइप उलट्या ‘यू’सारखा वाकवून जमिनीत पक्का केला की दोन्ही बाजूंना एकेक सायकल टेकते आणि चाकाऐवजी फ्रेमला साखळी लावता येते. कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे करून देईल. वर पत्रा, जवळ एक पायपंप आणि सुतळीला बांधलेला पाना. फाटकावर शिपाईमामा असतातच, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात स्टँड ठेवला की चोरीचा अर्धा प्रश्न मिटतो. मग ती पाटी काढता येईल.

दप्तराबद्दल केंद्राचं २०२० चं धोरण सांगतं की वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. पस्तीस किलोच्या मुलाला साडेतीन किलो. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हीच एकदा काट्यावर ठेवून बघा. सायकलवर याचा फरक फार पडतो. पाठीवर जड दप्तर असलेलं मूल मागे वळून बघायला गेलं की सायकल त्या बाजूला झुकते, म्हणून ते मागे बघतच नाही. डब्याची पिशवी हँडलला अडकवली की वळणावर ती ब्रेकच्या वायरमध्ये नाहीतर चाकात. कॅरिअर लावा म्हणावं, तर या सस्पेन्शनवाल्या सायकलींना कॅरिअर बसवायला भोकंच नसतात. म्हणून पालकसभेत कुणीतरी एवढं सांगा: शाळेसाठी सायकल घेताना मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, घंटी आणि स्टँड बघा, गिअर आणि सस्पेन्शन दिसायला झकास, पण मुलाच्या पायाला नुसतं ओझं. आणि ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेऊ नका. सदरा वाढत्या अंगाचा चालतो. ज्या सायकलवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकत नाहीत ती मुलाला गर्दीत थांबवताच येत नाही. हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, पण दुकानदाराचं कोण ऐकतं? बाईंनी सांगितलं तर ऐकतील.

पावसाळ्यात काळे बूट-मोजे सक्तीचे ठेवू नका. सँडल चालू द्या. वर्गाच्या बाहेर रेनकोट टांगायला खुंट्या हव्यात. मुलींना स्कर्टऐवजी पँटची मुभा द्या, आणि जिथं ओढणी आहे तिथं ती पिनेनं पक्की करायची की नाहीच घ्यायची हे शाळेनंच ठरवून टाकावं. मागच्या चाकात गुंतलेली ओढणी कात्रीनं कापून सोडवायची वेळ आमच्यावर येते, आणि ती नुसतीच ओढणी असली तर नशीब.

मुलींचा विषय निघाला म्हणून बिहारचं सांगतो. तिथं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी सरकारनं पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वेळच्या वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. शाळा जिथं तीन किलोमीटरहून लांब होती तिथं जास्त गुण आला. मुली एकट्या न निघता घोळक्यानं निघतात, हा मला त्यातला मोठा भाग वाटतो. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्या गावांत हवा भरायला दुकान असेलच असं नाही, तरी मुली सायकल दामटत शाळा गाठतात. पुण्यात चौकाचौकात दुकान आहे, आणि आपली आठवीतली मुलगी दीड किलोमीटर स्कूटरच्या मागे बसून जाते.

घोळक्याची ही युक्ती आपल्यालाही जमेल. बार्सिलोनात काही वर्षांपासून पालक आणि मुलं ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यानं एकत्र सायकलवर शाळेत जातात, वाटेत मुलं येऊन मिळतात. आपण त्याला दिंडी म्हणू. पुढे एक पालक, मागे एक, मधे आठ-दहा मुलं. रस्ता नकाशावर शोधू नका, तो गाडीचा रस्ता दाखवतो. मुलांबरोबर एकदा स्वतः जाऊन ठरवा. कोथरूडकडून पेठेत यायचं तर कर्वे रस्त्यानं नळ स्टॉपच्या चौकात शिरायची काय गरज? एरंडवण्यातून कॅनॉलकडेच्या रस्त्यानं, प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून डेक्कनला यावं आणि नदी झेड ब्रिजवरून ओलांडावी. त्या पुलावर चारचाकी नसतेच. भिडे पूल जवळचा वाटला, तरी पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, तेव्हा मुलांना त्याची सवय लावू नका. प्रत्येक शाळेला असे तीन-चार रस्ते सापडतील. ते मोठ्या नकाशावर रंगवून प्रवेशाच्या वेळीच पालकांच्या हातात दिले, तर ‘सायकलनं पाठवायचं तरी कुठून?’ हा प्रश्न निम्मा सुटतो.

शिकवायचं काय, यावर दोन शब्द. सायकल ‘येणं’ आणि रस्त्यावर चालवता येणं यात फरक आहे, आणि दुसरं घरी कुणी शिकवत नाही. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, आणि प्रात्यक्षिक खऱ्या रस्त्यावर असतं. तिथं हे आपसूक आलेलं नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर चारशेहून अधिक मुलं मेली, तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. आपल्याकडे पीटीचे सर आहेत, मैदान आहे, खडू आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांना चार गोष्टी घोटून घेतल्या तरी पुष्कळ: सरळ रेषेत जाताना मान वळवून मागे बघणं, हात दाखवून वळणं, उभ्या गाडीपासून दाराएवढं अंतर ठेवणं, आणि थांब्यावरच्या पीएमपीच्या डावीकडून कधीही न घुसणं. शेवटची गोष्ट जीव वाचवणारी आहे; बस किंवा डंपर डावीकडे वळताना ड्रायव्हरला त्या कोपऱ्यातली सायकल दिसत नाही. आणि कितीतरी शाळांत आरएसपीची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रस्ता सुरक्षा दलाची, तुकडी आहेच. ती मुलं १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला छान संचलन करतात. त्यांना शिट्टी देऊन, एका शिक्षकाबरोबर, रोज दुपारी फाटकात उभं करा की.

रॅलीचं मात्र कौतुक सांगू नका. जागतिक सायकल दिन ३ जूनला असतो. तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, म्हणून रॅली पुढे कधीतरी सोयीनं होते. टी-शर्ट, केळी, पाहुण्यांचा झेंडा, आणि मुलांना घरी न्यायला बाहेर गाड्यांची रांग. एखाद्या बाई किंवा सर रोज सायकलवर येत असतील तर त्यांच्या सायकलीला छपराखाली पहिली जागा द्या. मुलं ते बरोबर टिपतात.

नववी-दहावीत चित्र बदलतं. शाळेनंतर क्लास, क्लासनंतर दुसरा क्लास, आणि वेळ वाचवायला मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली. शाळेत स्कूटर आणायला बंदी असते, म्हणून ती शेजारच्या बोळात लागते. हे सगळ्यांना माहीत असतं. पुष्कळ पालकांची समजूत आहे की विनागिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते. कायद्यात ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे, आणि घरोघरी असलेल्या पेट्रोलच्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात अल्पवयीन मुलानं चालवलेल्या मोटारीनं दोघांचा जीव घेतला, ते या शहराला पुन्हा सांगायला नको. शेजारच्या बोळात लागलेल्या स्कूटरकडे काणाडोळा करायचा आणि सायकलवर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ची पाटी लावायची, हा हिशोब मला कळत नाही.

तुमची भीती मी समजू शकतो. उद्या एखाद्या मुलाला काही झालं तर पालक, पोलीस आणि चॅनेलवाले आधी शाळेच्या दारात येणार. ही भीती खोटी नाही, आणि सगळ्याच मुलांनी सायकलवर यावं असं मीही म्हणणार नाही. सातारा रस्ता किंवा सिंहगड रस्त्यासारख्या ठिकाणी पाचवीतलं मूल एकटं सोडायला मी स्वतः धजणार नाही. सातवीपर्यंत मोठं माणूस बरोबर हवं, हेल्मेट हवं, आणि ज्या घरापासून बरा रस्ताच नाही त्या मुलानं खुशाल बसनं यावं. पण ‘काही झालं तर’ म्हणून काहीच न करणाऱ्या शाळेच्या फाटकातूनही सायकली बाहेर पडतातच. फक्त ती मुलं न शिकलेली असतात, त्यांचे ब्रेक सैल असतात आणि त्यांचा रस्ता कुणी पाहिलेला नसतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सायकलची सवय सुटते ती जूनमध्ये. मे महिनाभर उभ्या राहून ट्यूबमधली हवा जाते, शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला ते लक्षात येतं, आणि ‘आजच्या दिवस स्कूटरवर सोडते’ असं म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. म्हणून शाळा उघडण्याच्या आधीच्या शनिवारी मैदानावर सायकल तपासणी ठेवा. हवा, ब्रेकचे रबर, चेनला तेल, सीटची उंची, मागचा रिफ्लेक्टर. एका सायकलला दहा मिनिटं लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सायकलपासून मुलं स्वतःच पाना हातात घेतात. माझ्या आसपासच्या ज्या शाळेला हवं असेल तिथं हत्यारं, पंप आणि एक कारागीर घेऊन मी येईन. पैसे फक्त बदललेल्या सामानाचे. शाळेनं सावली आणि दोन बाक द्यावेत. दिवस मे संपायच्या आत कळवा. जूनच्या पहिल्या पावसानंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

कळावे,
आपला,
पेठेतला एक सायकल दुकानदार